दोन हवालदार आणि त्यांचे परीक्षक

1975 साली जब्बार पटेलांचा ‘सामना’ बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात गेला. विजय तेंडुलकरांची पटकथा, सहकारी साखर कारखान्याच्या जोरावर गाव मुठीत ठेवणारे निळू फुले आणि त्यांच्यासमोर डॉ. श्रीराम लागूंचा दारूडा मास्तर. या दोघांच्या जुगलबंदीवर मराठीत इतकं लिहिलं गेलं की सिनेमा न पाहिलेल्या माणसालाही ती पाठ व्हावी. कोण कधी थांबतो, कोण नजर चुकवतो, कोणाचं वाक्य कोणाच्या वाक्यावर येऊन आदळतं, हे सगळं टिपलं गेलं आणि ते योग्यच झालं.

त्याच वर्षी ‘पांडू हवालदार’ आला. त्यातही दोन नट समोरासमोर होते, दादा कोंडके आणि अशोक सराफ. दोघंही हवालदार. सिनेमानं रौप्यमहोत्सव केला. दादांच्या लागोपाठच्या नऊ रौप्यमहोत्सवी चित्रपटांची गिनीज बुकात नोंद झाली, त्यातला हा एक. पण या जुगलबंदीवर, म्हणजे दोन हवालदार एकमेकांना कसे खेळवतात यावर, कुणी मन लावून लिहिलेलं मला आजवर वाचायला मिळालेलं नाही. दादांचे द्वयर्थी संवाद, सेन्सॉरशी त्यांची हुज्जत, शिट्ट्या मारणारं पब्लिक, एवढ्यावरच लिखाण थांबतं. जोडीचा विषय निघतच नाही.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकड्याचा. कळमनुरी तालुका, नांदेड-हिंगोली रस्त्यावरचं गाव, भोवती ऊस, केळी आणि हळद. आयुष्यभर मराठी शिकवलं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, पोलीस खात्यात होते आणि हवालदार म्हणूनच निवृत्त झाले. तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, तो 1999 साली झाला. अण्णांची सगळी नोकरी परभणी जिल्ह्यात गेली. म्हणून पडद्यावरच्या हवालदाराला कोण काय म्हणतं, हा माझ्यासाठी पहिल्यापासून घरचा विषय आहे.

ज्या सिनेमात स्वभावानं एकमेकांच्या उलट असलेले दोन पोलीस एका कामावर जुंपलेले असतात, आधी कुरबुरतात आणि शेवटी एकमेकांसाठी जीव टाकतात, तो प्रकार हॉलिवूडनं 1980च्या दशकात जगभर नेला. मेल गिब्सन आणि डॅनी ग्लोव्हर यांचा ‘लीथल वेपन’ 1987चा. एक जिवावर उदार झालेला, दुसरा बायकापोरांत रमलेला आणि निवृत्तीकडे डोळे लावून बसलेला. या प्रकाराची खरी किल्ली नटांच्या हातात असते. कथा जवळपास ठरलेलीच असते. चोर कोण आहे ते प्रेक्षकाला पहिल्या अर्ध्या तासात कळतं आणि त्याला त्याचं काही वाटत नाही, कारण तो चोर पाहायला आलेलाच नसतो. तो आलेला असतो त्या दोघांसाठी. आणि नेमकं इथंच परीक्षण लिहिणाऱ्याचं आणि तिकीट काढणाऱ्याचं बिनसतं. आइस क्यूब आणि केविन हार्ट यांचा ‘राइड अलाँग’ 2014 साली आला, तेव्हा अमेरिकी समीक्षकांनी त्याला झोडपून काढलं. अडीच कोटी डॉलरांत केलेल्या त्या सिनेमानं जगभरात पंधरा कोटींच्या वर कमाई केली आणि दोन वर्षांत दुसरा भागही आला. समीक्षकांनी कथा जुनी असल्याची तक्रार केली होती आणि ती खरीच होती. लोकांना हवी होती ती गोष्ट दुसरी होती.

मराठीत हा प्रकार हॉलिवूडच्या त्या लाटेआधीच आला, तोही आपला पोशाख घालून. 1973 साली हिंदीत ‘जंजीर’ झाला आणि संतापलेला इन्स्पेक्टर देशाचा नायक झाला. दोन वर्षांनी मराठीत नायक झाला हवालदार. माझ्या मते ही साधी गोष्ट नव्हती. हिंदी सिनेमात तेव्हा हवालदार दिसायचा तो सलाम ठोकायला, दार उघडायला आणि साहेबांच्या मागं पळायला. दादांनी त्याला मधोमध आणून उभा केला. दिग्दर्शक म्हणूनही त्यांचा हा पहिलाच चित्रपट. गिरणगावात वाढलेल्या, बँडपथकातून, सेवा दलाच्या कलापथकातून आणि ‘विच्छा माझी पुरी करा’च्या रंगमंचावरून आलेल्या माणसाला उतरंडीच्या तळचा शिपाई जवळून माहीत होता. अमेरिकेतल्या जोड्यांकडे मोटारी आणि पिस्तुलं असतात. आपल्या जोडीकडे काठी आणि शिट्टी.

दादांचं काम पाहताना माझं लक्ष त्यांच्या थांबण्याकडे जातं. वाक्याचा पहिला अर्थ ते अगदी भोळ्या चेहऱ्यानं सोडतात, मग क्षणभर काहीच करत नाहीत. त्या क्षणात दुसरा अर्थ प्रेक्षकाच्या डोक्यात तयार होतो. दादा मात्र चेहऱ्यावर पहिल्या अर्थापाशीच उभे असतात. आता समोर अशोक सराफ आहेत. स्टेट बँकेतली नोकरी सांभाळून नाटक करणारा हा तरुण नट तेव्हा फारसा कुणाला माहीत नव्हता. सराफांची भुवई त्या क्षणात हलते. दादांनी जे लपवलं ते सराफांच्या चेहऱ्यावर उघड होतं आणि हसू फुटतं ते तिथं. एकानं झाकायचं आणि दुसऱ्यानं उघडं पाडायचं, हे वगातल्या सोंगाड्या आणि त्याच्या साथीदाराचं जुनं काम. तमाशाच्या बोर्डावरचं हे कसब खाकी कपड्यांत आलं होतं. ज्यांनी आयुष्यात वग पाहिला होता त्यांना ते तिथल्या तिथं ओळखू आलं. मुंबई-पुण्यातल्या परीक्षणाच्या टेबलावर मात्र त्याची नोंद ‘अश्लील’ या एका शब्दात झाली.

या सिनेमाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तीही नोंदीतून सुटते. राम-लक्ष्मण या संगीतकार जोडीचा हा पहिला चित्रपट आणि त्यांना हे नाव दादांनीच दिलं. त्यातल्या लक्ष्मण यांनी, म्हणजे विजय पाटलांनी, पुढे 1989 साली ‘मैंने प्यार किया’ला संगीत दिलं आणि देशभर ते वाजलं. हवालदारांच्या एका सिनेमातून एक नट आणि एक संगीतकार उभा राहिला. अशी दुसरी उदाहरणं मराठीत किती निघतील?

सिनेमा पाहायचा तर आम्हाला नांदेड गाठावं लागायचं. एसटीनं जायचं, तिकिटाच्या रांगेत उभं राहायचं आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून शेवटची दहा मिनिटं दाराशी थांबून पाहायची. जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. 1980च्या दशकाच्या मध्यापासून गणपतीत, बारशात, लग्नाच्या आदल्या रात्री व्हिडिओ भाड्यानं आणायची पद्धत पडली. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट, रात्रभराचं भाडं वर्गणीतून. त्या तीन कॅसेटींत एक मराठी असायलाच हवी, नाहीतर बाया उठून जात. ती मराठी कॅसेट बहुतेक वेळा महेश कोठाऱ्यांची असायची.

असा आमच्या गल्लीत ‘दे दणादण’ आला. सिनेमा 1987चा. महेश कोठारे आणि लक्ष्मीकांत बेर्डे, म्हणजे सगळ्यांचा लक्ष्या, दोघंही पोलीस शिपाई, सोबत निवेदिता जोशी आणि प्रेमा किरण. सायकलवाल्या पोलिसाचं ते गाणं अजूनही वरातीत वाजतं. अण्णा त्या रात्री घरीच होते. बंदोबस्ताच्या दिवसांत पोलीस घरी सापडणं ही नवलाची गोष्ट, म्हणून मला ती रात्र लख्ख आठवते. ते पहिल्यांदा ओट्यावरच बसले. मग हळूहळू पुढे सरकले. लोक हसत होते मारामारीला, पडझडीला. अण्णा हसले ते वेगळ्याच जागी. साहेब समोर आल्यावर लक्ष्याच्या अंगात जे काही होतं, आधी टाच, मग हात, मग मान, तिन्ही वेगवेगळ्या वेळेला जागेवर येतात, तिथं. शेजारच्या चुलत्याला ते म्हणाले, “हे पोरगं ठाण्यात राहून आलंय. साहेब अचानक आला की अस्संच होतंय बघा. पाय आधी उठतेत, डोकं मागून येतंय.” आणि महेशबद्दल म्हणाले, “तो मात्र फौजदारावाणी चालायलाय. शिपाई असा चालंना.”

माझ्या दृष्टीनं ‘दे दणादण’चं हे त्या काळातलं सर्वांत नेमकं परीक्षण आहे. लक्ष्मीकांतच्या कामात निरीक्षण आहे आणि महेश कोठाऱ्यांच्या कामात रुबाब आहे, आणि शिपायाच्या भूमिकेत तो रुबाब मावत नाही. पुढच्या सिनेमांत कोठाऱ्यांनी हे स्वतःच दुरुस्त केलं. ‘थरथराट’ आणि ‘झपाटलेला’मध्ये ते इन्स्पेक्टर महेश जाधव झाले, तो ‘डॅम इट’वाला. लक्ष्या खाली राहिला, महेश वर गेला आणि जोडीतलं अंतर कामाला आलं. अण्णांनी ही गोष्ट दोन वर्षं आधी पाहिली होती, कारण रोज ते त्याच उतरंडीवर उभे होते.

‘दे दणादण’वरचा मोठा आक्षेप नकलेचा. लक्ष्याला अचाट शक्ती मिळते आणि लाल रंग दिसला की ती जाते. 1980 साली ‘सुपर फझ’ नावाचा इंग्रजी-इटालियन सिनेमा आला होता. टेरेन्स हिलनं त्यात अमेरिकी पोलिसाचं काम केलं होतं. त्या पोलिसालाही शक्ती मिळते आणि लाल रंग पाहिला की जाते. साम्य उघड आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. कोठाऱ्यांची कारकीर्दच अशा उचलींवर उभी आहे, असं म्हणणाऱ्यांना ‘धुमधडाका’ही दाखवता येईल. 1985चा तो त्यांचा दिग्दर्शनातला पहिला सिनेमा. त्याची गोष्ट 1964च्या ‘कादलिक्क नेरमिल्लै’ या तमिळ चित्रपटातून, मध्ये हिंदीतल्या ‘प्यार किये जा’वरून, मराठीत आली. ‘झपाटलेला’मागे अमेरिकेतला ‘चाइल्ड्स प्ले’ आहे.

पण उचल सिद्ध झाली की परीक्षण संपलं, असं कसं म्हणता येईल? पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो, की आणलेल्या वस्तूचं इथं काय केलं? ‘सुपर फझ’मधल्या पोलिसाला शक्ती मिळते किरणोत्सर्गातून. ‘दे दणादण’मध्ये ती मिळते मारुतीकडून. अणुस्फोटाच्या जागी मारुती ठेवणं ही कल्पना साधी वाटते, पण तिनं सगळा सिनेमा जागेवर आणला. आमच्याकडे गावाच्या वेशीवर मारुती असतो. पोरगं आजारी पडलं तर मारुती, कुस्तीला उतरायचं तर मारुती, नवरदेव परण्या निघाला तर पहिल्यांदा मारुतीला. दुबळ्या माणसाला बळ हवं असेल तर त्यानं कुठं जायचं, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. त्यामुळे लक्ष्याच्या अंगात बळ आलं तेव्हा आमच्या गल्लीत कुणीही ‘हे कसं काय’ असं विचारलं नाही.

पुढे मी नववीच्या मुलांकडून चित्रपट परीक्षण लिहून घ्यायचो. व्याकरणाच्या पुस्तकातला नमुना पाठ करण्यापेक्षा पाहिलेल्या सिनेमावर लिहा, असं सांगायचो. एकदा एका मुलीनं ‘दे दणादण’ घेतला. तिनं लिहिलं होतं, की लाल रंग दिसला की लक्ष्याची शक्ती जाते, पण ती देणारा मारुती तर शेंदरानं माखलेला असतो, मग आभार मानायला देवळात गेला तर त्याचं काय होईल? मी तो परिच्छेद वर्गात वाचून दाखवला. नकलेचा आक्षेप घेणाऱ्या कुणालाही ही फट दिसली नव्हती. बाहेरून आणलेला लाल रंग आणि इथला शेंदरी देव यांचा सांधा तिथं उघडा पडतो. उचललेल्या गोष्टीचं रूपांतर कुठं जमलं आणि कुठं राहिलं, हे तिनं दोन ओळींत सांगितलं होतं. समीक्षा म्हणजे मला हेच अपेक्षित आहे. त्याच 1987 साली हिंदीत ‘मिस्टर इंडिया’ आला, त्यातही अदृश्य नायक लाल काचेतून दिसतो. दोन्ही सिनेमे पाहिलेली मुलं पुढची कितीतरी वर्षं लाल रिबिनी घेऊन एकमेकांची शक्ती घालवत होती.

समीक्षक चिडले होते, त्यालाही कारणं होती, आणि ती समजून घेतली पाहिजेत. ‘सामना’, ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ अशी रांग पाहिलेल्या माणसाला 1985 नंतरचा विनोदी पूर बघवणं कठीण होतं. 1975 पासून राज्य सरकारची करपरतावा योजना होती. मराठी चित्रपटावर गोळा झालेला करमणूक कर निर्मात्याला पुढच्या चित्रपटासाठी परत मिळायचा. योजनेचा हेतू चांगला होता आणि तिनं धंदा जगवला. पण तिच्या आधारानं घाईत उरकलेले, एकाच वाड्यात आणि एकाच बागेत काढलेले सिनेमेही आले. दर दुसऱ्या पोस्टरवर तेच दोन-तीन चेहरे. लक्ष्मीकांत वर्षाला इतके सिनेमे करत होता, की त्यातल्या पुष्कळांत तो स्वतःचीच नक्कल करताना दिसतो. हे मी त्याचा चाहता म्हणून सांगतो आणि ते सांगताना मला वाईट वाटतं.

बायकांच्या भूमिकांबद्दलचे आक्षेप तर आजही तसेच लागू आहेत. निवेदिता जोशी आणि प्रेमा किरण दोघी ताकदीच्या अभिनेत्री. प्रेमा किरण यांच्या आवाजात आणि नजरेत जी ठसकेबाज गंमत होती, ती एका गाण्यावर आणि दोन-चार प्रसंगांवर संपवली जाते. जाड माणूस, तोतरा माणूस, काळी मुलगी यांच्यावर हसणं त्या काळी सर्रास होतं. लाच हा हवालदाराच्या सिनेमातला हमखास विनोद. अण्णा त्या विनोदाला कधीच हसले नाहीत. शाळेत मला काही पोरं ‘पांडूचा पोरगा’ म्हणायची, तेव्हा त्यामागं हेच चित्र असायचं, ढेरी, काठी आणि पसरलेला हात. समीक्षकांनी या गोष्टीवर बोट ठेवलं असतं, तर पोलीस लाइनीतल्या घराघरांतून त्यांना धन्यवाद मिळाले असते. पण त्यांचा राग होता तो आचरटपणावर आणि आवाजावर. ‘थिल्लर’, ‘पाचकळ’, ‘आचरट’ या तीन शब्दांत सगळ्यांना एकाच दावणीला बांधलं गेलं, ‘दे दणादण’लाही आणि त्याच्या मागोमाग निघालेल्या निव्वळ टाकाऊ सिनेमांनाही. चांगला विनोदी सिनेमा आणि वाईट विनोदी सिनेमा यांतला फरक सांगण्याचं काम समीक्षेचं. तेच झालं नाही.

मग काय झालं ते 1992 साली दिसलं. जब्बार पटेलांनी ‘एक होता विदूषक’ केला. लेखन पु. ल. देशपांड्यांचं, गीतं ना. धों. महानोरांची आणि नायक लक्ष्मीकांत बेर्डे. तमाशातला सोंगाड्या सिनेमाचा नट होतो आणि राजकारणाच्या हातातलं खेळणं होतो. समीक्षकांनी कौतुक केलं, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, प्रेक्षक मात्र आले नाहीत. तेव्हा सगळीकडे एकच सूर होता, की लक्ष्मीकांतमध्ये गंभीर नट आहे हे आम्हाला आता कळलं. मला हा सूर तेव्हाही खटकला होता. साहेबापुढं टाच आधी आणि मान मागून आणणारा नट पाच वर्षांपूर्वीच समोर होता. त्या सलामात भीती होती, नोकरी जाण्याची धास्ती होती, साहेबाला खूश ठेवण्याची धडपड होती. त्याला विनोदी म्हणा, पण वरवरचं म्हणू नका. हे आधीच लिहिलं गेलं असतं, तर ‘विदूषक’ पाहायला जाणाऱ्याला वाटही दिसली असती. लक्ष्याच्या प्रेक्षकाला कुणी सांगितलंच नाही, की हाच तुझा लक्ष्या आहे, फक्त यावेळी तो हसवून झाल्यावर थांबत नाही.

2004 साली ‘श्वास’ला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला मिळालेला तो मान. सगळीकडे मराठी सिनेमाचा पुनर्जन्म झाल्याचं लिहून आलं. त्याच वर्षी 16 डिसेंबरला लक्ष्मीकांत बेर्डे गेले. वय अवघं पन्नास. पुनर्जन्म म्हटलं की आधी मरण आलं पाहिजे, आणि 1985 ते 2004 हा काळ त्या मरणाचा म्हणून लिहिला गेला. माझी या मांडणीशी मनापासून तक्रार आहे. त्या वीस वर्षांत हिंदी सिनेमा, केबल आणि व्हिडिओ यांच्यापुढं मराठी बोलणारा पडदा गावागावांत ज्यांनी तेवत ठेवला, त्यात ‘दे दणादण’चे हे दोन हवालदारही होते. ‘श्वास’ पाहायला थिएटरात आलेल्या तरुणांना मराठी सिनेमाची सवय कुणी लावली होती, ते त्यांच्या बालपणाला विचारावं.

आता वारं फिरलं आहे. ‘अशी ही बनवाबनवी’ लोक तोंडपाठ म्हणतात, ‘झपाटलेला’तला तात्या विंचू टी-शर्टावर आला आहे, अशोक सराफांना 2023चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार जाहीर झाला आणि 2025 साली पद्मश्री. मला मनापासून आनंद झाला. पण या गौरवाच्या लिखाणातही मी तो हवालदार शोधत होतो. ‘विनोदाचा बादशहा’ वगैरे सगळं होतं. दादांच्या थांबण्यावर भुवई नेमकी कधी हलवायची हे त्या तरुण नटाला कसं कळलं असेल, याबद्दल फारसं कुठं नव्हतं. आधी दुर्लक्ष होतं, आता आठवणींचा उमाळा आहे. दोन्हींत काम बारकाईनं पाहणं राहूनच जातं.

दादांना सलाम म्हणून केलेला ‘पांडू’ 3 डिसेंबर 2021 रोजी आला. दिग्दर्शक विजू माने, जोडी भाऊ कदम आणि कुशल बद्रिके यांची. कोरोनात बंद पडलेली चित्रपटगृहं नुकतीच उघडली होती. पंधरवड्यापूर्वी ‘झिम्मा’ लागला होता आणि मराठी सिनेमाला प्रेक्षक परत येतोय की नाही याकडे सगळ्यांचे डोळे होते. अशा वेळी परीक्षणं सौम्य होतात, आणि ते मी समजू शकतो. पण माझं मत स्पष्ट आहे. भाऊ कदम हा दादांच्या जातकुळीचा नट आहे. निरागस चेहरा आणि पुढच्याला ओळखू न येणारा थांबा, दोन्ही त्याच्याकडे आहेत. कुशल बद्रिके त्याला नेमकी साथ देतो. ‘चला हवा येऊ द्या’च्या मंचावर वर्षानुवर्षं एकत्र काम केल्याचा फायदा प्रत्येक प्रसंगात दिसतो. अडचणही तीच आहे. टीव्हीच्या प्रहसनात प्रत्येक मिनिटाला हशा काढावा लागतो, समोर बसलेले लोक हसतात आणि नट त्यासाठी थांबतो. सिनेमात हा थांबा वेगळा लागतो. काही ठिकाणी दोघं न दिसणाऱ्या प्रेक्षकाच्या हशाची वाट पाहतात आणि पडदा रिकामा होतो. जिथं ते एकमेकांकडे पाहतात, तिथं सिनेमा उभा राहतो. भाऊ खाली मान घालून ऐकतो आणि कुशल त्याला समजावता समजावता स्वतःच गोंधळतो, अशा जागा आहेत. त्या जागांपुरता हा सिनेमा 1975च्या शेजारी बसवायला मी तयार आहे.

या सिनेमावरही मी मुलांकडून लिहून घेतलं. निवृत्त झालो तरी गावातली मुलं निबंध दाखवायला येतात. आमच्या भागात पोलीस भरतीचं वेड मोठं आहे. पहाटे रस्त्यानं मुलं-मुली धावताना दिसतात, मोकळ्या रानात गोळाफेकीची तयारी चालते. महिलांना तीस टक्के आरक्षण आहे, त्यामुळे मुलींचे गट वेगळे असतात. त्यातल्याच एकीनं ‘पांडू’वर दोन पानं लिहून आणली. कथा तिनं एका परिच्छेदात संपवली आणि बाकी सगळं भाऊ-कुशलच्या जोडीवर लिहिलं, कुठं जमलं, कुठं ताणलं. शेवटी तिनं विचारलं होतं, की पन्नास वर्षं झाली तरी सिनेमातले दोन्ही हवालदार बाप्येच का? ठाण्यात आता बायका ड्यूटीवर असतात, यात्रेच्या बंदोबस्तात असतात, रात्रपाळीत असतात. तिच्या मते दोन बायका हवालदार घेतल्या तर विनोदाला जागा जास्त आहे, कारण त्यांना साहेबालाही सांभाळावं लागतं, घरालाही आणि गर्दीतल्या टारगट पोरांनाही. एक कडक आणि एक बडबडी, एवढंच तिनं जोडीबद्दल सुचवलं होतं आणि कडक कोण, बडबडी कोण, हे मैत्रिणीच्या नावासकट कंसात लिहिलं होतं. मी तिला दहापैकी नऊ गुण दिले. एक कापला तो पांडूतला ‘डू’ ऱ्हस्व लिहिल्याबद्दल, आणि तिनं त्यावरही वाद घातला.